छापून येईपर्यंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पेणच्या एसटी स्टँडवरून मी विलायतेला निघालो, तेव्हा काकीच्या पायांच्या जखमा का भरत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

नव्वदीची मधली वर्षं. आईमागे मला वाढवलं काकीनं, मिठागरात राबून. खाऱ्या पाण्यात पाय फुटतात म्हणून आमच्याकडे सगळेच गॅरेजमधलं जळकं तेल पायांना चोपडायचे. मुंबईत एम.डी. करताना मी त्याच पायांवर काम केलं; फोटो काढले ते काकीच्याच पायांचे. बाया पाय दाखवायला लाजत. मग काकी दारोदार माझ्यापुढे. "दाखवा गो पाय! डॉक्टर हाय आपला, नवरदेव नाय!" तपासणीत निघालं ते एवढंच की, ते तेलच जखमा चिघळवत होतं.

लेख एका परदेशी जर्नलनं स्वीकारला. सर म्हणाले, "छापून येईपर्यंत बाहेर बोलू नकोस, नाहीतर लेख परत पाठवतील." सर वर्तमानपत्रांबद्दल बोलत होते. मी त्यात काकीलाही धरलं. खरं सांगायचं तर मला धरायचंच होतं; माझी तिकडची जागा त्या लेखावर ठरली होती.

स्टँडवर ती लंगडत आली, तेलानं काळे झालेले पाय, हातात पोह्याच्या पापडांचा पुडा. "बग, माजं पाय चाललं विलायतेला, नि मी हाय हितंच." सगळे हसले. मीही हसलो. एसटी सुटेपर्यंत एक वाक्य सहज बोलून झालं असतं.

लेख छापून यायला वर्ष गेलं. फोटोत तिचे पाय होते, नाव नव्हतं. लेखाच्या सुट्या प्रती तेव्हा मोजक्याच मिळत; त्या मी प्राध्यापकांना वाटल्या. एकच उरली असताना रोह्याच्या एका डॉक्टरांचं कार्ड आलं: 'आपला लेख इकडे कुठेच मिळत नाही. असेच पेशंट आहेत. कृपया प्रत पाठवावी.' ती प्रत मी नोकरीच्या अर्जाला जोडली. लायब्ररीत झेरॉक्स मशीन होतं. पण हक्क जर्नलला लिहून दिलेत, असं स्वतःला बजावलं आणि कार्ड खणात टाकलं.

पुढे चुलतभावाचं पत्र आलं. काकीचा उजवा पाय घोट्यापासून काढला होता. खाली तिचा निरोप: 'लेकाला सांग, छापलेल्यातला एक गेला. नवीन फोटू काढायला ये.'

गेलो. ती अंगणात बसून उरलेल्या पायाला तेल चोळत होती. मी डबा काढून घेतला. "आता नको लावूस." का, ते बोललो नाही.

हल्ली पुष्कळ जर्नलं सर्वांना खुली झालीत. माझा लेख छापणारं नाही. रोह्यात नर्स असलेल्या पुतणीनं परवा कळवलं, "काका, तुमचा लेख उघडत नाय, पैसं मागतंय." आधी संस्था पैसे भरायची; नोकरी बदलल्यापासून मलाही उघडत नाही. जर्नलला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. घर म्हटलं की मला ना खाडी आठवते ना ओटा; तो कुलपातला फोटो आठवतो.

काकी आहे अजून. तिला वाचता येत नाही. गावातल्यांनो, हे तिला वाचून दाखवू नका. मला आधीच माहीत होतं, हे तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगणं अजून बाकी आहे.