कंधारच्या कचेरीची कमान

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहणार नांदेड. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई! पण हे माझ्याच बाबतीत घडलं, म्हणून लिहितेय.

कंधारला निजामाच्या काळातली एक दगडी कचेरी आहे. छत गेलेलं, एक भिंत कललेली. ती पुन्हा उभी करून तिथे वाचनालय करायचं होतं आणि ते काम माझ्याकडे होतं. मधल्या दालनावर मोठी कमान होती. खाली लोखंडी टेकू लावून आम्ही तिचे दगड तपासत होतो.

भर दुपार होती. आत तिघंच... मी, दिगंबर मिस्त्री आणि चुना कालवणारी लक्ष्मीबाई. माझा फोन वाजला. तो बाहेर गाडीत होता, म्हणून गेले. पाहते तर मिस्ड कॉल वगैरे काही नाही. वळले, तर मागे दिगंबर उभा.

"काय म्हणून राहिल्या मॅडम?"

"मी? काही नाही."

"आत्ता आवाज दिला न्हाई का? मिस्त्री, बाहेर या म्हणून?"

मी काही बोलणार तोच लक्ष्मीबाई धावत आली, थेट लिंबाखालच्या झोळीकडे. तिचं बाळ गाढ झोपलेलं. "लई रडून राहिलं होतं की वो..." ती गोंधळून म्हणाली.

आणि कमान बसली. टेकूसकट. धुरळ्यानं आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. लक्ष्मीबाई बाळाला छातीशी धरून मटकन खाली बसली.

कमान का पडली ते नंतर सापडलं. बाजूच्या भिंतीच्या पोटातला चुना वर्षानुवर्षं पाणी मुरून वाहून गेला होता. बाहेरून भिंत धडधाकट. माझे मिस्टर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. ते म्हणाले, "दगड सरकताना बारीक आवाज होतो, मेंदू त्याचा अर्थ लावतो." असेलही. पण तिघांना तीन वेगळे अर्थ? आणि तेही एकाच वेळी?

त्याच दगडांनी आम्ही कमान पुन्हा बांधली. आता तिच्याखाली पोरं एमपीएससीचा अभ्यास करतात.

दिगंबर अजून भेटला की विचारतो, "मॅडम, खरं सांगा... तुम्हीच आवाज दिलता ना?"

आधी मी नाही म्हणायचे. मग त्याचा चेहरा उतरायचा. परवा मी सरळ सांगून टाकलं, "हो, मीच दिला होता."

"तेच म्हणलं!" तो हसला आणि निर्धास्त होऊन कामाला लागला.

मी कुणाला विचारू?