क्लच नसलेली फियाट

मुलुंडच्या कुंदा आगाशे यांनी चौऱ्याऐंशी साली विजेवर चालणारी गाडी का केली, याची कारणं लोकांनी पुष्कळ सांगितली. कुणी म्हणालं, बाई चिकट. कुणी म्हणालं, त्यांना धुराचा त्रास होतो. खरं कारण एवढंच होतं की कुंदाताईंना क्लच जमत नव्हता.

गाडी त्यांच्या नवऱ्याची, अनंतरावांची. नंबर लावून कैक वर्षांनी फियाट हाती आली आणि वर्षभरातच अनंतरावांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. फियाट सोसायटीच्या आवारात खोळ पांघरून बसली. कुंदाताई बँकेत नोकरीला होत्या. म्हणाल्या, मी शिकते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी त्यांच्यासाठी अख्खा उन्हाळा घातला. गाडी बेडकासारख्या उड्या मारायची आणि बंद पडायची. शेवटी मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्या उजव्या पायाबद्दल माझी काही तक्रार नाही."

शेजारच्या श्यामसुंदर गुप्तेचं वर्कशॉप होतं. कारखान्यात माल वाहायच्या बॅटरीच्या ट्रॉल्या तो बनवायचा. दसऱ्याच्या पूजेला गेल्या तेव्हा कुंदाताईंनी एक ट्रॉली चालवून पाहिली. एक पेडल चालायला, एक थांबायला.

"हे आमच्या फियाटला बसेल का?"

"बसेल, वहिनी. पण कशाला? पळणार नाही फार. चार्जिंगही लवकर संपेल."

"मला क्लच नकोय."

श्यामसुंदर पुढच्या कारणाची वाट बघत थांबला. ते आलं नाही.

घरी अनंतरावांनी एकच विचारलं. "इंजिन काढल्यावर फियाटमध्ये फियाटचं राहणार काय?"

"दारं राहतील. सीटा राहतील. आपण बसायचं तिथेच बसू."

"बघ तुला काय करायचं ते," म्हणून ते गॅलरीत गेले. इंजिन निघालं त्या दिवशी जेवले नाहीत. कुंदाताईंना वाईट वाटलं. इंजिन परत बसवा, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

कागदपत्रं आणि लायसन यांत होळी उलटली. घर तळमजल्याला, त्यामुळे चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून जायची. गाडी आवाजच करायची नाही. पुढच्या माणसाला कळावं म्हणून कुंदाताई काच खाली करून "जरा सरका" म्हणायच्या. अनंतराव तिला "तुझी गाडी" म्हणत आणि तिच्यात बसत नसत.

पण डोळ्यांचे डॉक्टर घाटकोपरला होते आणि एकदा नेमका तपासणीच्या दिवशी रिक्षांचा संप होता. अनंतराव बसले. जाताना सगळं ठीक झालं. येताना भांडुपला गाडी हळू होत होत एका पिठाच्या गिरणीसमोर थांबली. गिरणीवाला धाकू अंगावरचं पीठ झटकत बाहेर आला.

"पेट्रोल संपला?"

"वीज संपली," कुंदाताई म्हणाल्या.

धाकूने क्षणभर विचार केला. "ती माझ्याकडे आसा."

वायर गिरणीत गेली. दळणाला आलेली माणसं गाडीभोवती जमली. धाकूने अनंतरावांना विचारलं, "पण ह्या कशाक केल्यात, भाऊ?"

कुंदाताई तोंड उघडणार, तोच अनंतराव बोलले. "तेल बाहेरून येतं. देशाचा पैसा जातो. आपण किती दिवस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं?" मग त्यांनी बॉनेट उघडलं, हाताने चाचपत एकेक बॅटरी दाखवली आणि म्हणाले, "आमची गाडी धूर सोडत नाही."

कुंदाताई धान्याच्या पोत्यावर बसून चहा प्यायल्या.

मुलुंडचा रस्ता लागल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, हे तुम्हाला कधीपासून वाटतंय?"

"गिरणीत सुचलं," अनंतराव म्हणाले. "पण खरं असावं."

पुढे बॅटऱ्या पार बसेपर्यंत काही वर्षं ती गाडी चालली. रविवारी दोघं देवळात जात. अनंतराव बाहेरच बॉनेट उघडून उभे राहत, कारण कुणी ना कुणी विचारायचंच. कुंदाताई आत जाऊन दोघांच्या वतीने नमस्कार करून येत.