नाना धांदऱ्यांवरचे हायकू

जुने सोबती भेटले की किस्से आठवावे लागत नाहीत, एकाच्या पाठीवर बसून दुसरा येतो. परवा सोनईत भाऊसाहेब भेटला. "हायकू आठवत्यात का?" एवढंच म्हणाला, आणि आमचा चहा दोनदा गार झाला!

बहात्तरच्या आगेमागेची गोष्ट. मी शाळेत क्लार्क होतो. दुपारच्या एस.टी.नं वाचनालयात पेपर यायचा. आम्ही चौघं, म्हणजे मी, भाऊसाहेब, जोशी सर आणि शालिनीबाई, आधी शेवटचं पान उघडायचो, कारण तिथं 'नाना धांदरे' असायचे. तीन चौकोनांची चित्रमालिका. टोपी, छत्री आणि रोज नवा घोटाळा!

मराठीचे जोशी सर एकदा म्हणाले, "जपानात हायकू नावाची कविता असते. ओळी तीनच. अक्षरं पाच, सात, पाच. आपले चौकोनही तीन. लिहा नानांवर!"

भाऊसाहेब शेतकरी माणूस. त्यानं बोटं मोजली. "सर, पाचच? मला नुसती हाक मारली की ओळ संपली!"

*

पहिला हायकू सरांचाच:

एस.टी. आली
नाना राहिले मागे
छत्री पोचली

तो इतका गाजला, की स्टँडवर कंडक्टर सरांना विचारायचा, "सर, तुमी येताय, का नुसती छत्री धाडताय?"

*

बालवाडीच्या शालिनीबाईंच्या मधल्या ओळीत आठ अक्षरं झाली. सर म्हणाले, "एक कमी करा."

"राहू द्या हो. नानांचं पोटही मधेच सुटलंय!"

*

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातात मी हजेरीपटाऐवजी हायकूंची वही दिली. साहेबांच्या कपाळाला आठ्या. "ही कविता अर्धीच का?"

"साहेब, जपानी आहे," मी चाचरत म्हणालो.

त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचली. "अरे वा! म्हणजे मला जपानी येतं की!"

*

त्याच दुष्काळी उन्हाळ्यात पेपरातले नाना पोहायला शिकत होते. भाऊसाहेबानं लिहिलं:

नाना, पवाया
आमच्या हिरीत या
पाय भिजंना

आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही.

"विहीर खरंच आटली?" शालिनीबाईंनी विचारलं.

"व्हय. दोन महिनं झालं."

बाईंच्या आडाला थोडं पाणी होतं. दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेबाचे बैल त्यांच्या दारात पाणी प्यायला लागले.

*

आणि हा शेवटचा. शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेले एक गृहस्थ, पुढच्या गाडीला अवकाश होता म्हणून वाचनालयात टेकले. आम्हाला आयता श्रोता मिळाला! अख्खी वही वाचून दाखवली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठताना हळूच म्हणाले, "नाना मीच काढतो."

कुणाचाच विश्वास बसेना. भाऊसाहेबानं वाचनालयाच्या सूचनाफळ्याचा खडू पुढं केला. "मग काढा की!"

गृहस्थांनी फळ्यावर सरसर नाना काढले. भाऊसाहेब दोन पावलं मागं सरला, मान तिरकी करून त्यानं नीट बघितलं.

"न्हाई. आमचं नाना असं न्हाईत."

 गृहस्थांनी रुमालानं नानांचं नाक पुसलं, खडू भाऊसाहेबाच्या हातात दिला आणि म्हणाले, "दाखवा बरं, कसे आहेत?"