खंडेनवमीचा फोटो

हैदराबाद रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामावर मी गेट सुपरवायझर आहे. टॉवेल-चादरींचे गठ्ठे आमच्याकडे येतात आणि ट्रकमध्ये भरून बंदराकडे जातात. मध्यंतरी आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या, तेव्हा मालकांनी भिंत वाढवली, वर काटेरी तार घातली, कॅमेरे बसवले. मला त्या बंदोबस्ताचा अभिमान होता. प्रत्येक कुलूप हातानं ओढून बघितल्याशिवाय मी शुक्रवार पेठेतल्या घरी जायचो नाही.

चोरी झाली ती भरदुपारी, पुढच्या गेटातून. गेट मीच उघडलं.

ट्रकचा नंबर मी कॉम्प्युटरवरच्या नोंदीशी ताडून पाहिला. ड्रायव्हरचं नाव, लायसन्स, सगळं जुळलं. माल भरला, गेटपास निघाला. जाताना ड्रायव्हरनं हात केला, मीही केला.

पाचच्या सुमारास दुसरा ट्रक आला. अक्कलकोटकडचा ड्रायव्हर, वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारा.

“काका, लोडिंग लावा की.”

“कुठलं लोडिंग?”

“आपलं नेहमीचंच. दुपारी तुमच्या हापिसातनं फोन आला, गर्दी हाय, पाचला या म्हणून. तवापासनं पंपावर थांबलोय.”

ऑफिसातून कुणीच फोन केला नव्हता. त्याच्या ट्रकमध्ये भरायचा माल तीन तासांपूर्वी माझ्यासमोरून गेला होता. मी त्याला खुर्ची दिली आणि उगाचच गेटाचं कुलूप ओढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांतले एक साहेब आले. कुणीतरी बाहेरून आमच्या बुकिंगच्या सिस्टिममध्ये शिरलं होतं. कुठला माल कधी निघणार ते बघून नोंदीतला ट्रकचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव बदललं होतं. लॉगिन वापरलं होतं आमच्या मॅडमचं.

मॅडम म्हणजे आमची कॉम्प्युटर ऑपरेटर. वयानं माझ्या मुलीएवढी, पण सगळे मॅडमच म्हणायचे. सासर विणकरांचं, घरात तेलुगू. साहेबांनी तिला दोन तास प्रश्न विचारले. चौकशी होईपर्यंत घरीच थांबा, असं मालकांनी सांगितलं. पर्स घेऊन निघताना ती माझ्या केबिनपाशी थांबली.

“काका, मी पासवर्ड बाहेर कुणालाच दिला नाही. तुम्ही तरी सांगा ना त्यांना.”

“बघू,” मी म्हणालो.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात शंका होती. तिनं दिला नाही तर दिला कुणी?

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर राहिना. दिवसातून चार वेळा भिंतीकडेनं चक्कर मारायचो, तार चाचपायचो. चोर भिंतीवरून आलेच नव्हते हे माहीत असूनही चक्कर चुकायची नाही. कुठलाही ड्रायव्हर हसला की त्याचं लायसन्स पुन्हा मागायचो.

रविवारी सकाळी चहा पिताना बायको माझा फोन घेऊन बसली होती. खंडेनवमीला आम्ही वजनकाटा, फोर्कलिफ्ट, ट्रक, कॉम्प्युटर सगळ्यांची पूजा करतो. यंदा, चोरीच्या आठवडाभर आधी, फोटो मी काढले होते. एकात मॅडम झेंडूची माळ घातलेल्या कॉम्प्युटरशेजारी उभी होती. फोटो इतका छान आला होता, की मी तो स्टेटसला ठेवला आणि ड्रायव्हर-ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मोठ्या ग्रुपवरही टाकला.

“साडीचा काठ बघू हिच्या,” म्हणत बायकोनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग म्हणाली, “हे स्क्रीनखाली काय लिहिलंय?” आणि एकेक अक्षर वाचायला लागली.

ती चिठ्ठी होती. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा आणि माझ्या लक्षात राहायचा नाही. मॅडम जेवायला गेली की मला तो लागायचा, म्हणून मीच तिला म्हणालो होतो, “लिहून चिकटवून ठेवा, मॅडम.”

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि फोटो पुसून टाकला.

“काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही तर पुसला कशाला?”

मी चपला घालून बाहेर पडलो. तो दिवस गेला, सोमवारही गेला. नोकरीची दोनच वर्षं उरलीत, पुढं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. ग्रुपवरचा फोटो तसाच होता. इतके दिवस झाल्यावर तो मला सगळ्यांच्या फोनमधून काढताही येत नव्हता. बायकोनं पुन्हा विचारलं नाही, आणि तेच जास्त लागत होतं.

मंगळवारी कळलं की आदल्या दिवशी मॅडमला पुन्हा पोलीस स्टेशनला बोलावलं होतं. सोबत सासरेही होते, दिवसभर बाकावर बसून. ऐकलं तसा उठलो आणि मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला. साहेबांनी ग्रुप तपासला. त्यात एक नंबर असा निघाला, की तो कुणाचा हे कुणालाच सांगता येईना. तिथून धागा लागला. खोट्या नंबरप्लेटचा तो ट्रक पुढं सापडला, मालही बराचसा मिळाला. माझी नोकरी राहिली, लेखी समज मिळाली.

मॅडमच्या घरी मी त्या मंगळवारी संध्याकाळीच गेलो होतो. सासरे दारातच बसले होते. त्यांनी पाणी दिलं. मॅडम बाहेर आली तसं मी उभ्या उभ्या सांगितलं.

“चिठ्ठी मीच चिकटवली होती, काका. ती चूक माझीपण आहे,” ती म्हणाली. “पण फोटोचं तुम्हाला कधी कळलं?”

“रविवारी.”

“आज मंगळवार आहे.” तिनं सासऱ्यांकडे बघितलं. “मामंजी आयुष्यात पहिल्यांदा पोलीस स्टेशनला गेले.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघालो.

ती कामावर परत आली. आता फोनवर कोड आल्याशिवाय कॉम्प्युटर उघडत नाही, आणि प्रत्येक ट्रकसाठी मी त्याच्या मालकाला स्वतः फोन लावतो. ड्रायव्हर वैतागतात. मॅडम काम असलं की नीट बोलते. पूर्वी दुपारचा चहा घ्यायला केबिनमध्ये यायची, ते मात्र थांबलं. मी तिला कधी कारण विचारलं नाही.