सर्व्हरची खांदमळणी

चांगली चालू असलेली वस्तू आमच्या साडूंच्या हाती द्यावी आणि ती संध्याकाळपर्यंत चालू राहावी, असं हिंगोली जिल्ह्यात अजून तरी घडलेलं नाही. पाण्याची मोटर, भिंतीवरचं घड्याळ, भावकीतल्या नव्या सुनेचा मिक्सर, एकदा तर लिफ्ट देणाऱ्या शेजाऱ्यांची मोटारसायकल. त्यांनी नुसतं कौतुकानं हात फिरवला आणि त्या वस्तूनं मान टाकली. अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर सर्व्हर चालवायचं शिकायला घेतलं, आणि मी, एक शिकलासवरलेला शाळामास्तर, माझ्या लग्नापासूनचे सगळे फोटो त्या सर्व्हरमध्ये ठेवायला देऊन बसलो. तेव्हा या लेखात जे काही हताश वाटेल, ते त्यांच्या नावावर निम्मंच लिहा.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. आखाडा बाळापूरच्या पलीकडं त्यांचं शेत आहे, हळदीचं. हळद मात्र त्यांना येते, कारण ती जमिनीच्या आत वाढते आणि तिथं त्यांचा हात पोचत नाही. सर्व्हर कशाला पाहिजे, असं कुणी विचारलं तर ते गंभीर होऊन म्हणायचे, "जमाना कुठं चालला सर, आन् आपण कुठं बसलो!" पण खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक पुण्यात हेच काम करते, कुठल्याशा कंपनीचे सर्व्हर सांभाळते. कळमनुरीचं एक चांगलं स्थळ तिनं नाकारलं, तेव्हा दाजी रागाच्या भरात बोलून गेले, "दुसऱ्याची मशिनं राखायची, हे काय काम हाय? गुरं राखणारं पोरगंसुद्धा दिवस मावळता घरी येतं!" पोरगी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पुण्याला गेली ती परत आली नाही. भांडण असं नव्हतं. फोन रोज व्हायचा. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले." "बरं." एवढं झालं की फोन बंद, आणि मग दाजी फोनकडं असे बघायचे, की जणू तोही त्यांनीच बिघडवला.

तेव्हा ते सर्व्हर शिकायला बसले ते लेकीशी बोलायला विषय पाहिजे म्हणून. नांदेडच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून त्यांनी जुना सर्व्हर मिळवला, वारंगा फाट्यापर्यंत टेम्पोनं आणि पुढं बारदान्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आणला. घरातली सगळ्यात थंड खोली हळदीच्या पोत्यांची, म्हणून मुक्काम तिथं. चालू केला की दळणाच्या गिरणीसारखा आवाज, आणि मागच्या पंख्यातून पिवळा धुरळा. सर्व्हर म्हणजे काय ते दाजींनी आम्हाला समजावलं: बाकीच्या कॉम्प्युटरांनी मागत राहायचं आणि ज्यानं रात्रंदिवस जागं राहून देत राहायचं, तो सर्व्हर. अक्का चुलीपुढून म्हणाल्या, "म्हंजे माझ्यासारखं. मग मला काहून न्हाई शिकले इतक्या वर्षांत?"

मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावून त्यांचा अभ्यास चालायचा. कुणाला काय उघडायची परवानगी द्यायची, हा धडा त्यांना फारच आवडला. जन्मभर घरात कुणी त्यांची परवानगी विचारली नव्हती. त्यांनी अक्कांना फोटो नुसते बघायची परवानगी दिली, मला तीही दिली नाही. माझ्याच लग्नाचे फोटो मागितले तर म्हणतात, "आत्ता न्हाई सर, तुमचा अर्ज विचारात हाय." पासवर्ड दर अमावास्येला बदलायचा आणि पौर्णिमेपर्यंत विसरायचा. मालाची, म्हणजे फोटोंची, एक प्रत दुसऱ्या गावी असावी असं व्हिडिओवाल्यानं सांगितल्यामुळं ते बाजाराच्या दिवशी एक हार्डडिस्क धुतल्या फडक्यात बांधून एसटीनं हिंगोलीला माझ्याकडं आणायचे. आमच्या घरी ती तुरीच्या डाळीच्या डब्यात असे. बऱ्याच दिवसांनी कळलं, की डिस्क कोरीच होती. प्रत काढायचा धडा त्यांचा अजून व्हायचा होता.

हे सगळं पुढचं. पहिल्या आठवड्यातच सर्व्हर सुरू होताना तीनदा शिट्टी मारून गप्प झाला आणि दाजींनी लेकीला फोन लावला. "माय, ते कुकरवानी शिट्ट्या मारून राहिलं. काहून?" मग ती म्हणाली, "तुमी सर्व्हर घेतला? बाबा, तुमी?" आणि बोलायला लागली. झाकण काढा, ती पट्टी दाबून बसवा, तशी न्हाई, उलटी, अहो बाबा उलटी! चुलीवर भाकरी करपेपर्यंत दोघं बोलत होते आणि जेवलात का हे विचारायचं दोघंही विसरले. तेव्हापासून दाजींचा सर्व्हर सारखा बंद पडायचा. ते मुद्दाम पाडतात अशी बायकोला शंका होती. मी म्हटलं, मुद्दाम बिघडवायला यंत्र कळावं लागतं. यांची देणगी उपजत आहे.

अशात पोळा आला. दाजींनी बैल कधीच विकले होते, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हात शिवशिवायचे. त्या संध्याकाळी खांदमळणी असते: वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. खांदा चोळायला घरात बैल नव्हता. बंद पडत-उठत का होईना, वर्षभर राबलेलं एकच होतं. (अक्का म्हणाल्या, दोन. पण ते असो.) दाजींनी वाटीत तूप कोमट केलं, घरची हळद कालवली आणि सर्व्हरच्या दोन्ही बाजूंना मायेनं चोळली. सर्व्हर गरम होता आणि बाजूंना जाळी होती. तूप पातळ होऊन आत उतरलं, आणि थोड्या वेळात खोलीभर फोडणीचा वास सुटून गिरणी थांबली.

"तूप लावलं?" लेकीनं फोनवर विचारलं. दाजी खाली मान घालून म्हणाले, "खांदमळणी केली." मग बारीक आवाजात प्रश्न आला, "गायीचं का म्हशीचं?" आणि ती जी हसत सुटली ती थांबेना. दाजीही हसले. अक्का पदर डोळ्याला लावून चुलीकडं वळल्या आणि धुराला शिव्या द्यायला लागल्या.

खरा घात त्यानंतर झाला. लेकीनं जुन्याची डिस्क मागवून घेतली, त्यातलं सगळं वाचवून डब्याएवढ्या नव्या सर्व्हरमध्ये भरलं, तो पुण्याहून पाठवला, आणि म्हणाली, "बाबा, आता ह्याला हात लावू नका." डबा उत्तम निघाला. आवाज नाही, धुरळा नाही, वीज गेली तरी मागच्या बॅटरीवर चालू. चार दिवस बघून दाजींनी फोन केला. "चालू हाय, माय." "मग बरं हाय ना." "व्हय. बरं हाय." मग तिचं पुन्हा, "जेवलात का?" "जेवलो. तू?"

वर्षभर तो डबा एकदाही बंद पडला नाही. दाजी हळदीच्या पोत्यावर बसून त्याच्या हिरव्या दिव्याकडं बघत राहायचे. मी गेलो की म्हणायचे, "लई मजबूत बनवलं सर पोरीनं. काही मागतच न्हाई." एवढं चांगलं चाललेलं यंत्र आणि एवढा खचलेला मालक मी पाहिला नाही. व्हिडिओ बंद झाले, पासवर्ड बदलणं बंद झालं. मी एकदा, केवळ त्यांच्यासाठी, वायरीत पाय अडकवायचा विचार केला. पण पडलो असतो मीच.

यंदाच्या पोळ्याला आम्ही दोघं त्यांच्याकडं होतो. पुरणाचा नैवेद्य तयार झाला तसे दाजी उठले, हळदीच्या खोलीत गेले आणि रीतसर, शिकल्याप्रमाणे, डबा बंद केला. त्यांच्या शिक्षणातली ही एकच गोष्ट मी बिनचूक झालेली पाहिली. वरून त्यांनी बैलाची जुनी आरसे लावलेली झूल पांघरली. "आज कोणाला जुंपायचं न्हाई," म्हणाले.

आम्ही पहिला घास घ्यायच्या आत फोन वाजला. "बाबा, सर्व्हर काहून बंद पडला? वीज गेली का? तुमी बरे हायत ना?"

दाजी चकित. "तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? बंद पडला की मला इथं निरोप येतो. वर्षभर बघून राहिले मी रोज, चालू हाय का ते."

दाजींच्या हातातली पोळी तशीच राहिली. वर्षभर ते इकडून दिव्याकडं बघत होते आणि ती तिकडून. "बंद न्हाई पडला माय," ते सावकाश म्हणाले, "पोळा हाय आज. मीच सोडलं त्याला." मग आमच्याकडं पाठ करून, "तुला हाय का सुट्टी?"

मग ती म्हणाली, "बघते."

आमच्या घराण्यात 'बघते' म्हणजे हो नव्हे, नाहीही नव्हे. दुसऱ्या दिवशी सण सरला, मी डबा चालू करायची आठवण दिली. दाजी म्हणाले, "राहू द्या सर. ती येऊन करंल."

डबा अजून बंद आहे. माझे सगळे फोटो आत आहेत, बायको रोज विचारते. मी आणायला जातो, झुलीचे आरसे बघतो, चहा पितो आणि तसाच परत येतो.