देणं फिटेपर्यंत पाणी नाही

वत्सलाताई जयंतीभाईंच्या घरी गेल्या की समोर आलेला पाण्याचा ग्लास बोटांनी जरासा दूर सारायच्या. बडोद्यात कुणाच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. पण ताईंचं म्हणणं ठरलेलं होतं, "ज्याचं देणं आहे त्याच्या घरचं पाणी मला उतरत नाही." कारेलीबागेत त्या आमच्या शेजारी राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सोसायटीत माळ्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना त्यांचा धाक. मला तर तो अजूनही आहे.

देणं नवऱ्याचं. छाणीला त्यांची लेथ मशीनची छोटी शेड होती. त्यासाठी जयंतीभाईंकडून घेतलेलं कर्ज फेडायच्या आतच ते गेले. जयंतीभाईंनी दावा लावला आणि निकाल ताईंच्या विरुद्ध गेला. ताईंनी कुरकुर केली नाही. "घेतलेत ते द्यायचे, त्यात रडायचं काय?" पाटल्या मोडून त्यांनी व्याजासकट ड्राफ्ट काढला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून द्यायला निघाल्या.

पण जयंतीभाई पैसे घेईनात. आधी म्हणाले, "कमुरतां चाले छे, बेन. उतराण पछी आवजो." कमुरतां म्हणजे संक्रांतीआधीचा अशुभ महिना. संक्रांत झाली, तर अमावास्या आडवी आली. पुढच्या खेपेला हसून म्हणाले, "पैसा क्यां भागी जवाना छे? पहेलां पाणी पीओ." मुहूर्त पाळणाऱ्याला अडवू नये, म्हणून ताई दर वेळी नमस्कार करून परतायच्या. ह्याच शहाणपणाने आमचा घात केला. शेडच्या दारावर लिलावाची नोटीस लागली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या गृहस्थाला पैसा नको होता, जागा हवी होती. आणि व्याज तर चढतच होतं.

मला रडू आलं. ताईंना राग आला, आणि राग आला की त्या अगदी हळू बोलायच्या. "तो घेत नसेल तर कोर्ट घेईल. निकाल कोर्टाचा आहे, त्याच्या घरचा नाही." वकिलांनीही तेच सांगितलं. व्याज आणि खर्चासकट सगळी रक्कम कोर्टात भरायची, पावती दाखवायची, लिलाव थांबतो. फक्त शेवटची बोली पक्की होण्याआधी.

वाढलेलं व्याज जमवता जमवता लिलावाचाच दिवस उजाडला. कोर्टातली रांग हलेना. पावती हातात पडली तेव्हा छाणीत बोली सुरू झाली असणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी स्कूटर कशी हाकली ते देवाला माहीत. मागून ताई एवढंच म्हणाल्या, "पडू नकोस. पावती माझ्याकडे आहे."

शेडपुढे बेलिफ दुसऱ्यांदा बोली पुकारत होता. जयंतीभाई पुढच्याच खुर्चीत, शेजारी पाण्याची बाटली. ताईंनी पावती बेलिफच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली, मग म्हणाला, "हरराजी बंद."

"घरनी वात हती, बेन," जयंतीभाई म्हणाले, "कोर्टमां शुं काम गयां?" घरची गोष्ट कोर्टात का नेली, हे दावा लावणाऱ्याने विचारावं! ताईंनी वाद घातला नाही. "हवे पाणी आपो, जयंतीभाई." आता द्या पाणी, एवढंच. त्यांनी बाटली पुढे केली. ताईंनी ती उभ्याने, वरून तोंडात ओतून, रिकामी केली.

पुढे काही वर्षांनी ताई गेल्या त्या दिवशी त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं. ते सहज उतरलं.