आल्बममधून गाळलेलं आईचं गाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कन्फेशनलाही नाही — तिथे फादरना मी फुटकळ पापं देते. रविवारची चर्चमधली मिसा चुकवली, आईवर चिडले, असली. ती देताना लाज वाटत नाही, म्हणून देते.

बस्त्याव मामा, आईचा भाऊ, जन्मभर गोव्यातल्या हॉटेलांत ड्रम वाजवत आला. कायम मागे बसून, कायम दुसऱ्यांच्या गाण्यांना. साठी उलटल्यावर त्याने स्वतःचा जॅझ आल्बम केला — बँड त्याचा, चाली त्याच्या, वर नाव त्याचं. मला हसू आलं. मालवणात जॅझ कोण ऐकणार, मासळीबाजारात बांगड्याचा भाव करणारे? हे मनातल्या मनात. तोंडाने फक्त, "वॉव, मामा." शांत मुलगी, म्हणतात मला. शांत!

त्यातली एक चाल मात्र रोसाची होती. आमच्यात लग्नाआधी नवरीला नारळाचा रस चोळून न्हाऊ घालतात, बायका गातात, तो रोस. मामाने त्या गाण्याखाली ब्रशने हलकेच ड्रम वाजवले होते. आणि गायला स्टुडिओत नेलं होतं आईला. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटतो, ती हसते. ते हसू मामाने मुद्दाम ठेवलं होतं.

आल्बम इंटरनेटवर चढवायचं काम माझ्याकडे आलं — घरात इंग्लिश मीडियमची मीच ना. हेडफोन लावून ऐकलं, आणि माझ्या मुंबईच्या कॉलेजातल्या मैत्रिणी डोळ्यांसमोर दिसल्या. आईचा आवाज ऐकून एकमेकींकडे बघणाऱ्या. सगळ्या आल्बममध्ये जिवंत असं तेवढंच होतं, हे मला कळलं नाही असं वाटतं तुम्हाला? कळलं होतं. तरी मी ते काढून टाकलं.

आल्बम ऐकायला आईने शेजारणींना बोलावलं. ठेवणीतली साडी नेसली. शेवटचं गाणं संपलं तशी म्हणाली, "माझा गाणा खंय गो?"

"फाईल करप्ट झाली."

तेवढ्यावर थांबले असते तरी — नाही. मी उठून स्टुडिओला फोन लावल्याचं नाटक केलं. बंद फोनमध्ये, सगळ्यांसमोर, इंग्रजीत.

"चेडवाक काय इंग्लिश येता गो!" एक शेजारीण कौतुकाने म्हणाली.

स्टुडिओकडेही ते गाणं राहिलेलं नाही, असं मी सांगितलं. मामा माझ्याकडे बघत राहिला. हॉटेलात आयुष्य गेलेल्या माणसाला इंग्रजीही कळतं आणि नाटकही.

"जावंदे रे," आईच त्याची समजूत घालायला लागली, "माझो आवाज तरी खंय बरो होतो?"

"बरा होता" म्हणायला मी तोंड उघडलं नाही.

परवा आमच्या वाडीत एकीचा रोस झाला. बायकांनी गाणं धरलं, आईला हाताला धरून पुढे ओढलं. आई हात सोडवून रसाचं भांडं घेऊन बाजूला झाली.

"माका येना नाय," म्हणाली.

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मी तिच्या शेजारीच उभी होते.